बरणीतले साठ जीव

१

बरणीत सकाळी साठ जीव होते आणि दुपारी तीन वाजता त्यातला एकही उरला नव्हता.

साठ हा आकडा माझा. मी तेव्हा वाशीमच्या शाळेत शास्त्र शिकवत असे आणि दिसेल ते मोजायची मला खोड होती. जीव म्हणजे पाण्यातल्या पिसवा. बारवेच्या पाण्यात झटके देत पोहणारे पांढरे ठिपके, खसखशीच्या दाण्याहून लहान. बरणी उजेडाकडे धरली तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, पण काय बघायचं ते ठाऊक असावं लागतं. या साठ पिसवा आमच्या दवाखान्याच्या जगदेव डॉक्टरांनी पंधरा दिवस जिवापाड सांभाळल्या होत्या.

त्याचं कारण होतं नारू. आजच्या मुलांना नारू सांगून पटत नाही. पायाला फोड येतो, फुटतो, आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा डोकं बाहेर काढतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिना-दोन महिने खाटेवर पडायचा, आणि तोही नेमका पेरणीच्या तोंडावर. हा किडा पिण्याच्या पाण्यातून येतो, पिसवेच्या पोटात बसून येतो, हे डॉक्टर कलकत्त्याला शिकून आले होते. इथे ते कोणी खरं मानत नव्हतं. मीही पहिल्यांदा हसलोच होतो.

म्हणून डॉक्टरांनी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा चौकीदार रतनसिंग याच्या पायातल्या नारूची पिल्लं घेतली आणि त्याच्याच बंजारा तांड्याच्या बारवेतल्या पिसवांना खाऊ घातली. पंधरा दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पिसवेच्या काचेसारख्या पोटात एक पिल्लू वेटोळं घालून हलताना दिसलं. मी डोळा लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. इतक्या लहान जिवाच्या पोटात दुसरा जीव बसला होता आणि माणसाच्या पायाची वाट पाहत होता.

आता बरणी रिकामी झाली त्या दिवशी काय होतं ते सांगतो. साल १९३४, चैत्र महिना. कापसाचा हंगाम संपून जिनिंग बंद पडलं होतं, म्हणून त्याच्या आवारात मोठी पंगत ठेवली होती. गावोगावचे पाटील आणि व्यापारी यावेत, जेवावेत, विज्ञान म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहावं आणि शाळेच्या प्रयोगशाळेला हातभार लावावा, असा बेत होता. सगळं अडलं होतं एका माणसावर. दौलतराव पाटलांनी हो म्हटलं की बाकीचे मागून येणार. आणि दौलतरावांनी डॉक्टरांना रोखठोक सांगितलं होतं, “पान्यातून किडा पायात येते म्हनता ना? मंग मले माह्या डोयानं दाखवा. दिसला तं खोली बांधून देतो. नाही दिसला तं पुन्हा माह्या दारात येऊ नका.”

सूक्ष्मदर्शकाला आरशावर ऊन पाडावं लागतं. शिवाय पाहुण्यांत जैन व्यापारी बरेच, ते सूर्य बुडायच्या आत जेवतात. म्हणजे साडेपाचला पंगत आणि त्याआधी प्रयोग. बरणी सकाळी मी स्वतः जिनिंगच्या कचेरीत आणून ठेवली. ऊन रणरणत होतं, डॉक्टरांनी ती गार ठेवायला बजावलं होतं, म्हणून तिला ओलं फडकं गुंडाळलं आणि माठाशेजारच्या सावलीत काही वेळ ठेवली. स्वयंपाकघरातल्या राजुलबाईंनासुद्धा तिचं कुतूहल वाटलं. जैन पंगतीचा सगळा स्वयंपाक त्या करत होत्या. “मास्तर, हे पानी कोन्या विहिरीचं हाय?” असं त्यांनी विचारलं. अक्षरओळख नसलेली बाईही विज्ञानाकडे वळते आहे हे पाहून मला भरून आलं. तांड्याच्या बारवेचं, म्हणून मी सांगितलं आणि वर पाव तास व्याख्यानही दिलं. नारूपर्यंत आलो तेव्हा त्या उठून कढी ढवळायला गेल्या होत्या.

तीन वाजता डॉक्टर आले. त्यांनी बरणीतला एक थेंब काचेवर घेतला, डोळा लावला, मग दुसरा थेंब घेतला. असे सात थेंब झाले. मग त्यांनी बरणी खिडकीशी धरली आणि ती माझ्या हातात दिली.

पाणी आरपार निवळ होतं. आत काहीही हलत नव्हतं.

२

डॉक्टर मुळात शांत माणूस. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, की पुन्हा पिसवा वाढवायला पंधरा दिवस लागतील, दौलतराव मात्र पंधरा मिनिटंही थांबायचे नाहीत. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी मनकर्णाबाईंना बोलावणं धाडलं. या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्स. वय चाळिशीचं, नागपूरला शिकलेल्या, बोलणं ठासून. गावातला प्रत्येक पाय त्या ओळखत, आणि पायावरून माणूसही. कोणी औषध घेतलं नि कोणी मोरीत ओतलं हे त्यांना तोंड बघून कळायचं, त्यामुळे त्यांच्यासमोर खोटं बोलायला मोठे मोठे पाटीलही कचरत.

त्या आल्या, पदर खोचला आणि बरणी हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मी म्हटलं, कोणीतरी आत चुना टाकून जीव मारले असणार. त्यांनी मान हलवली.

“मेले असते तं तळाशी पडले असते, मास्तर. तळ पाहा.”

तळ स्वच्छ होता. धुळीचा कणही नव्हता. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, की पिसवांना खायला आत शेवाळ ठेवलं होतं ना? ठेवलं होतं, बोटभर लांब धागा. तोही नव्हता. कोणी पाणी ओतून देऊन दुसरं भरलं असेल, असं मी म्हटलं. त्यांनी बरणी नाकाशी नेली आणि माझ्याकडे दिली. बारवेच्या पाण्याला मुरलेल्या पानांचा एक वास असतो. तो जसाच्या तसा होता.

म्हणजे पाणी तेच होतं. चोरानं पाणी जागच्या जागी ठेवलं होतं आणि आतले साठ जीव तेवढे उचलून नेले होते. चिमटीत न सापडणारे साठ जीव, भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या आवारातून. मला त्या चोराचा राग यायच्या आधी त्याच्याबद्दल आदर वाटला, हे कबूल करतो.

डॉक्टर एवढंच म्हणाले, की या गावात आपल्याला न उमगलेली ही दुसरी गोष्ट. पहिली कोणती, म्हणून मी विचारलं. त्यांनी नारूच्या रोग्यांची वही ठेवली होती, अकरा वर्षांची. गावातल्या प्रत्येक आळीतून पाय आले होते. फक्त जैन आळीतून एकही नाही, आणि विहीर तर सगळ्यांची एकच होती.

मनकर्णाबाईंनी हे ऐकलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात दौलतरावांचा पुतण्या बबनराव उभा होता आणि त्याला घाम फुटला होता.

३

बबनरावाला प्रयोगशाळा नको होती, हे जगजाहीर होतं. काकांनी पोहरादेवीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधावी आणि तिच्यावर आजोबांचं नाव कोरावं, असा त्याचा हट्ट होता. मला वाटलं, झालं, चोर आपणहून दारात आला.

मनकर्णाबाईंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. मग विचारलं, कचेरीत कितीला शिरला होतास? तो आधी शिरलोच नाही म्हणाला. मग बाईंनी त्याच्या डाव्या भुवईवरचा काळा डाग दाखवला. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डॉक्टरांनी त्याच सकाळी काळं वंगण लावलं होतं.

“एक वाजता शिरलो,” तो खाली बघत म्हणाला. “काका एवढे कायले भुलले ते पाहाव म्हनलं. डोया लावला तं मले माह्याच पापन्या दिसल्या. मंग निघून गेलो.”

“आन् बरनीले हात लावला?”

“कोनती बरनी? टेबलावर बरनी नव्हतीच, बाई. देवाची आन.”

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे मान वळवली. माझे कान तापले. बरणी तेव्हा माठाशेजारी होती. माठाची घडवंची राजुलबाईंच्या स्वयंपाकघरात, कचेरीच्या भिंतीपलीकडे. साडेअकराला ठेवली, दीडला परत आणली, आणि आणताना आत डोकावायचं काही मला सुचलं नाही. हे दोन तास मी कोणाला सांगितलेच नव्हते. माठाशेजारी ठेवली यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटलं होतं.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुमी साठ मोजले, पन तास मोजले नाही.”

तेवढ्यात दौलतरावांच्या दमणीचा, म्हणजे हलक्या बैलगाडीचा, गाडीवान लालसिंग आत आला. फाटकावर चौकीदार नाही, पाहुण्यांचे बैल बांधायचे कुठे, म्हणून तो विचारत होता. रतनसिंग कुठे गेला? लालसिंगानं सांगितलं, की अडीचच्या सुमाराला तो तांड्याच्या वाटेनं जाताना दिसला. हातात लोटा होता, लोट्यावर फडकं बांधलेलं, आणि तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

आठ दिवसांपूर्वी रतनसिंग डॉक्टरांपुढे हात जोडून उभा राहिला होता, ते मी ऐकलं होतं. “सायब, आमच्याच तांड्याचं पानी काहून दाखवता? गावोगावचे लोक येतीन. आमचं पानी घान हाय म्हनतीन, मंग आमाले कोनी दारात उभं करनार नाही.” डॉक्टरांनी त्याची समजूत काढली होती. ती निघाली नव्हती, असं आता दिसत होतं.

डॉक्टर मात्र तांड्याच्या मानापमानाचा विचार करत नव्हते. ते उठून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला होता. त्या पिसवांच्या पोटात नारू पिकून तयार होता. तांडा पोहरादेवीच्या यात्रेला गेला होता, उद्या परतणार होता आणि आल्या आल्या त्याच बारवेचं पाणी पिणार होता. तो लोटा बारवेत उपडा झाला तर पुढच्या चैत्रात तांड्यातल्या किती पायांना फोड येतील, हे ते बोटांवर मोजू लागले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

४

मी धावायच्या तयारीत होतो. मनकर्णाबाईंनी मला थांबवलं. रतनसिंगच्या पायात नारू आहे, अर्धा कोस चालायला त्याला तास लागतो, आणि तांडा कोसभर आहे, असा हिशेब त्यांनी तिथेच मांडला. साडेचारच्या आत तो बारवेवर पोचत नाही. दमणी वीस मिनिटांत जाते. तेव्हा आधी एका माणसाशी बोलून घेऊ, म्हणाल्या, नाहीतर तिथे जाऊन काय विचारायचं तेच कळणार नाही.

त्या मला भिंतीपलीकडे घेऊन गेल्या. राजुलबाई पुऱ्या लाटत होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, शिरपूरकडच्या, पांढरं लुगडं नेसलेल्या. घडवंचीच्या वर, सावलीत, दोरीवर एक जाड कापड वाळत होतं. दुहेरी घडीचं. मनकर्णाबाईंनी ते बोटांनी चाचपलं. ते अजून ओलसर होतं.

“काकू,” त्यांनी विचारलं, “दुपारी इथं मास्तरांची बरनी होती. त्यातलं पानी तुमी गाळलं काय?”

“व्हय, गाळलं.”

अख्ख्या जिनिंगमध्ये तासभर चोर शोधणं चाललं होतं आणि हे सांगितलं कसं नाही, म्हणून मी विचारलं.

“मले कोनी इचारलंच नाही,” राजुलबाई म्हणाल्या आणि पुरी कढईत सोडली.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या घडवंचीवर आलेलं पाणी गाळल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या आईच्या घरी राहत नव्हतं, आजीच्याही नाही. जाड कापडाची दुहेरी घडी, त्यातून पाणी. पाणी परक्याचं होतं, म्हणून गाळून बरणीत जसंच्या तसं भरून ठेवलं. पण कापडावर जे जीव राहतात त्यांना जिवाणी म्हणतात, ती कुठेही टाकून चालत नाही. ती उलट्या बाजूनं थोड्या पाण्यात धुऊन घ्यायची आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत सोडली तर ते जीव तिथे जगत नाहीत. म्हणून त्यांनी मला विहीर विचारली होती. म्हणून रतनसिंगला गाठलं होतं, कारण ती बारव त्याच्या तांड्याची. त्याच्या हातात लोटा दिला आणि समजावून सांगितलं.

मी दिलेलं पाव तासाचं व्याख्यान मला आठवलं. त्यांना माझ्याकडून एकच शब्द हवा होता आणि तो मी पहिल्याच वाक्यात दिला होता.

मनकर्णाबाईंनी मग त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या जिवांच्या पोटात काय आहे, आणि बारवेवर कोण पाणी पितं. सांगताना आवाज हळू ठेवला होता. राजुलबाईंची अर्धी लाटलेली पुरी पोळपाटावर तशीच राहिली.

“म्हंजे म्या तांड्याले रोग धाडला काय?” त्या म्हणाल्या. “जीव वाचवाव म्हनून केलं, बाई.”

“अजून नाही धाडला,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “चला, मास्तर.”

५

दौलतरावांची दमणी लालसिंगानं पळवली. वाटेत धुरळा उडत होता, पळसाच्या झाडांवर शेंदरी फुलं उरली होती. मनकर्णाबाईंनी मला एवढंच विचारलं, की डॉक्टरांच्या वहीत जैन आळीचा एकही पाय का नाही ते आता कळलं का. मला ती दोरीवरची दुहेरी घडी आठवली आणि कळलं. कळलं तेव्हा मी दमणीची दांडी घट्ट धरली.

“डाक्टर अकरा वर्सं सांगून राह्यले, पानी उकळा,” त्या म्हणाल्या. “पन रोज एवढी लाकडं कोन आनते? त्यायनं कोनाचं सयपाकघर आतून पाह्यलंच नाही. अन् मी बी त्या दोरीखालून दहादा गेली असन. कापडच तं हाय, म्हनलं.”

त्या पहिल्यांदाच स्वतःवर चिडल्या होत्या.

तांडा रिकामा होता, कुत्रीही झोपली होती. बारव त्याच्या पलीकडे. काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली हिरव्या पाण्यात उतरत होत्या, आणि पाण्यापासून चौथ्या पायरीवर रतनसिंग बसला होता. पायाची चिंधी सोडलेली, काडीला गुंडाळलेला नारू उघडा. डोक्याचं पागोटं त्यानं काढून लोट्यावर धरलं होतं. स्वतःच्या टाळूवर ऊन घेत होता.

मी ओरडणार होतो. मनकर्णाबाईंनी माझ्या हाताला धरलं आणि हळूच हाक मारली, “रतनसिंग, लोटा भरेल हाय काय?”

“भरेल हाय, बाई.” तो दचकला नाही. “काकूनं सांगतलं, वरून फेकू नको, पान्याले टेकवून हळू सोड, जीव हायत त्यात. पाय ठनकून राह्यला होता म्हनून दम खाल्ला. आता उतरतोच.”

“आन् पागोटं कायले काढलं?”

“ऊन लागते ना त्यायले. पानी तापते.”

ज्याला आम्ही कचेरीत चोर ठरवून बसलो होतो तो माणूस हा. आम्ही पाच मिनिटं उशिरा आलो असतो तर लोटा गेला असता, आणि उघड्या नारूचा पाय पाण्यात बुडून आणखी पिल्लं सुटली असती ती वेगळीच. मनकर्णाबाई खाली गेल्या, त्याच्या पायाला स्वतःच्या रुमालानं पट्टी बांधली आणि मग त्याला सगळं सांगितलं. त्यानं दोनदा लोट्याकडे आणि एकदा पाण्याकडे पाहिलं. हे माझ्याच पायातून निघालेलं काय, असं त्यानं विचारलं. बाईंनी हो म्हटलं.

दमणीत त्यानं लोटा कोणालाच धरू दिला नाही.

६

सव्वापाच वाजले होते. आवारात सतरंज्या पडल्या होत्या, पाहुणे पानांवर बसायला उभे होते आणि दौलतराव घड्याळाकडे बघत होते. ऊन कलतं झालं होतं, पण आरशाला पुरेल एवढं होतं.

मनकर्णाबाईंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन चार वाक्यांत सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत असताना मी त्यांच्याकडे पाहत होतो. परीक्षेत पहिला आलेला मुलगा निकाल ऐकताना असा दिसतो. मग ते पुढे आले. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं ते खिशातच राहिलं.

त्यांनी दौलतरावांना आधी बरणीतला थेंब दाखवला. दौलतराव वाकले, पाहिलं, आणि आत काहीच नाही म्हणून सरळ उभे राहिले. बबनराव मागे हसला. मग डॉक्टरांनी लोट्यातला थेंब काचेवर ठेवला.

दौलतराव पुन्हा वाकले. वाकले ते वाकलेच राहिले. त्यांचं उपरणं खांद्यावरून घसरलं तरी त्यांना कळलं नाही. आवारात दोनशे माणसं होती आणि फक्त कढईतल्या तेलाचा आवाज येत होता.

“याच्या पोटात काय हालून राह्यलं?” त्यांनी डोळा न काढता विचारलं.

“नारू, पाटील.”

“माही माय सहा महिने खाटेवर होती यानं,” ते म्हणाले. “आमी म्हनलो, करनी केली कोनी. ज्याच्यावर संशय होता त्याच्या घरी अजून आमी पानी पीत नाही.” ते सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. “आन् पहिल्या थेंबात काहून नव्हता?”

“पाणी एकच आहे,” डॉक्टर म्हणाले. “दोन्हींच्या मध्ये फक्त एक कापड आहे.” त्यांनी दोरीवरून आणलेली ती दुहेरी घडी वर धरली. मग अकरा वर्षांची वही उघडली आणि जैन आळीचं कोरं पान सगळ्यांना दाखवलं. ते म्हणाले, “मी याच्यासाठी कलकत्त्याला गेलो होतो. ते इथे भिंतीपलीकडे वाळत होतं.”

त्यानंतर रांग लागली. पाटील आले, व्यापारी आले, बबनराव आला. त्याला या वेळी पापण्या दिसल्या नाहीत. तो बाजूला जाऊन बसला आणि कितीतरी वेळ हातातल्या पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. रतनसिंगनं पाहिलं आणि त्यानं त्या काचेला हात जोडले. शत्रूला जोडले की देवाला, हे मी त्याला विचारलं नाही. एवढंसं काही आपल्याला वर्षानुवर्षं आडवं पाडत आलं होतं आणि ते इतकं देखणं होतं, याचं नवल प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उमटत होतं. तसे चेहरे मी वर्गात नंतर पुष्कळ पाहिले, पण पिकल्या मिशांवर ते नवल त्या दिवशीच पाहिलं.

शेवटी मनकर्णाबाईंनी राजुलबाईंना हाताला धरून आणलं. त्या हात पुसत आल्या आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच पाहिलं.

“जलमभर गाळत आली,” त्या म्हणाल्या. “पन याले कधी पाह्यलं नव्हतं.” मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. “आता यायले कुठं सोडसान?”

या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडे होतं, पण ते त्या बाईपुढे सांगायची त्यांची छाती होईना. उकळत्या पाण्याची किटली टेबलाखाली तयार होती. त्यांनी ती पायानं मागे सारलेली मी पाहिली.

दौलतरावांनी ते ओळखलं असावं. “खोली बांधतो,” ते म्हणाले. “आन् तिच्यात काचेचं टाकं बी बांधतो. हे जीव तिथंच राहतीन, कोन्या विहिरीत जानार नाही. पोरायले पहिल्या दिवशी कापड कसं धराव, ते काकू शिकवतीन.” मग त्यांनी वळून बाकीच्या पंगतीच्या आचाऱ्याला सांगितलं, की पंगतीतलं सगळं पाणी आधी गाळून घ्या आणि मगच वाढा. जेवण त्यामुळे थोडं लांबलं. जैन पंगत मात्र सूर्य बुडायच्या आत उठली, राजुलबाईंनी उशीर होऊ दिला नसता.

खोली पुढच्या पावसाळ्याआधी उभी राहिली. टाक्याचं पाणी मी बदलत असे, आणि काढलेलं पाणी उकळून मगच टाकत असे. गाळताना अडकलेले जीव परत टाक्यात सोडत असे, राजुलबाईंना तसं वचन दिलं होतं. दर जूनमध्ये त्या येत, मुलांसमोर बसून कापडाची घडी घालून दाखवत, आणि मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गप्प होत. रतनसिंगचा पाय बरा झाला. तांड्यात घरोघरी घागरीवर जाड कापड बांधलेलं दिसू लागलं, आणि ते बांधलं आहे की नाही हे तो स्वतः फिरून बघायचा.

पिसवा फार जगत नाहीत, त्यांची पिल्लावळ टाक्यात वाढायची. पण तिच्या पोटात नारू दाखवायचा तर डॉक्टरांना दर वर्षी नवा नारू आणावा लागे. चौथ्या वर्षी चैत्रात ते काचेची बशी घेऊन तांड्यावर गेले. दुपारी परत आले ते बशी तशीच कोरडी घेऊन. प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले आणि ती बशी त्यांनी माझ्यापुढे उपडी केली. मनकर्णाबाई मागे होत्या. त्यांनी वही उघडून तांड्याचं त्या वर्षीचं पान माझ्यापुढे धरलं. ते कोरं होतं.

मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. कसली सुट्टी, म्हणून मुलांनी विचारलं. मी सांगितलं, आज डॉक्टरांना तुम्हाला दाखवण्यासारखं काही सापडलं नाही.